आधी वर्गात बसू द्या, मग फी मागा

दादाची मुलगी बारावी झाली आणि तिने सांगून टाकलं की गाणंच करणार, बीकॉम वगैरे काही नाही. त्यावर घरात वाद झाला नाही, ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या जुन्या मराठी घरात गाण्याला नाही म्हणणारं माणूस तसंही कमीच, पण कुठे शिकायचं यावर गेले दोन महिने जे चाललंय ते विचारू नका. पुण्याची मावशी फोनवर रोज सांगते की पुण्याला पाठवा, तिकडे कानावर किती पडतं. बाबांचं म्हणणं, ज्या गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखे मोठे गवई शिकायला आले त्या गावातली पोर शिकायला बाहेर धाडायची म्हणजे काय. वहिनीला हॉस्टेलची काळजी. दादाने मोबाईलवर कॉलेजांची रँकिंग काढून ठेवलीय, आणि भाची स्वतः एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीचा व्हिडिओ परत परत बघतेय, त्यात काचेच्या स्टुडिओत मुलं हेडफोन लावून गातायत.

मी संगीतात एमए केलंय आणि आता शाळेत गाणं शिकवते, म्हणून शेवटी सगळे माझ्याकडे बघतात, आत्या तू सांग. तर मी घरी जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितेय, कारण एडमिशनचे दिवस आले की बऱ्याच घरांत हाच गोंधळ असतो. ज्या कॉलेजात एडमिशनच्या आधी तुम्हाला चालू वर्गात दोन दिवस बसू देत नाहीत तिथे मुलांना घालू नका, नाव कितीही मोठं असो. आणि हे फक्त पालकांनी करायचं काम नाही, संगीत, नृत्य, नाटक शिकवणाऱ्या प्रत्येक कॉलेजवर, सरकारी असो की प्रायव्हेट, हे बंधनच असलं पाहिजे की फी घ्यायच्या आधी वर्गाचं दार उघडं ठेवायचं.

हे मी ग्वाल्हेरात बसून म्हणतेय त्याला कारण आहे. आमच्याकडे हद्दू खाँ आणि हस्सू खाँची गोष्ट लहानपणापासून ऐकवतात, दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे मोहम्मद खाँ गायचे, त्यांची तान कोणाला यायची नाही आणि ते कोणाला द्यायचेही नाहीत, तर या दोघा भावांना म्हणे पडद्यामागे बसवून ते गाणं ऐकवलं, आणि मग एक दिवस दोघांनी भर दरबारात तीच तान घेऊन दाखवली. गोष्ट किती खरी आणि किती रंगवलेली ते जाऊ दे, पण त्या काळात विद्या कशी मिळायची ते त्यात बरोबर आलंय. घरच्याला मिळायची, नाहीतर चोरून ऐकणाऱ्याला. बाळकृष्णबुवांचं तरी काय वेगळं, कुठून कुठून भटकत, धारला देवजीबुवांकडे हाल सोसत, शेवटी ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींकडे त्यांना खरी तालीम मिळाली आणि ती त्यांनी महाराष्ट्रात नेली. आज महाराष्ट्रात ग्वाल्हेरचा ख्याल जो गातात तो बऱ्याच अंशी या एका माणसाच्या पायपिटीमुळे.

पुढे त्यांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर, त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. १९१४ मध्ये आमच्या इथे कृष्णराव शंकर पंडितांनी वडिलांच्या नावाने विद्यालय सुरू केलं, आणि १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांना (गाणं स्वरलिपीत लिहून शिकवायची पद्धत त्यांची) बोलावून माधव संगीत विद्यालय काढलं. राजाभैया पूंछवाल्यांसारखे तयार गवई आधी भातखंड्यांकडे ती नवीन पद्धत शिकायला गेले, म्हणजे विचार करा, गळ्यात ग्वाल्हेरची गायकी मुरलेली माणसं वहीत स्वरलिपी लिहायला शिकत होती. बडोद्याला तर सयाजीरावांनी १८८६ मध्येच मौलाबक्षांकडून गायनशाळा सुरू करून घेतली होती, आजचं तिथलं परफॉर्मिंग आर्ट्सचं फॅकल्टी त्याच झाडाचं. या सगळ्यांनी एवढा खटाटोप केला तो त्या पडद्यासाठीच. कोणाचंही पोर यावं, नाव लिहावं, फी भरावी आणि समोर बसून शिकावं, लपून नाही.

म्हणून मला आजच्या कॉलेजांचा राग येतो जेव्हा गेटवर शिपाई विचारतो की काम काय आहे, आणि ऑफिसात ब्रोशर हातात देऊन म्हणतात सगळं यात आहे, क्लास बघता येणार नाही. तोच पडदा परत लावला की तुम्ही.

आता यावर घराणेवाली मंडळी म्हणतात, अगं कॉलेजात कोणी गवई होतो का, गुरूकडे घाल सरळ. हे मी शेकडो वेळा ऐकलंय आणि मला ते अर्धंच पटतं. गळा गुरूकडेच तयार होतो हे मान्य, पण कोणाच्या मुलीला गुरू मिळतो? ज्या घरात गाणं आहे, ओळख आहे, रोज नेऊन आणायला कोणी रिकामं आहे त्या. माझ्या आजीला गाणं शिकायचं होतं, तिला कोणत्याही बुवांकडे किंवा उस्तादांकडे पाठवणं घरात शक्यच नव्हतं. तिच्या नंतरच्या बायका शिकल्या त्या संगीत विद्यालयांमुळे, कारण तिथे हजेरीपट होता, वेळ ठरलेली होती, आणि घरच्यांना सांगता यायचं की शाळेत जातेय. कॉलेज नको म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. कॉलेजने गवई किती काढले हा हिशोब करतात, पण कॉलेजने ऐकणारे किती तयार केले, शाळेत शिकवणारे किती, घरात संध्याकाळी तानपुरा काढून बसणाऱ्या बायका किती, हा हिशोब कोणी करत नाही.

पण म्हणूनच कॉलेजकडून जास्त मागायला हवं.

मी ज्या कॉलेजात होते (नाव नको, आणि ते ग्वाल्हेरचं नव्हतं) तिथे आमच्या वर्गात मुलं-मुली मिळून बावीस जण. सरांची पट्टी (ज्या सुराला सा धरून गायचं तो) काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी. आम्हा मुलींची कोणाची काळी चार, कोणाची पांढरी पाच. वर्ग एकच, तानपुरा एकच, तो अर्थातच सरांच्या पट्टीत जुळलेला. म्हणजे आम्ही खाली घेतलं तर आवाज लागायचा नाही, वर घेतलं तर तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, जाईपर्यंत घसा ताणायचा, तर आम्ही काय करायचो, ओठ हलवायचो. दोन वर्षं मी वर्गात जवळजवळ गायलेच नाही आणि कोणाच्या लक्षात आलं नाही कारण बावीस जणांच्या आवाजात एक आवाज कमी झाला तर कळतो कुठे. परीक्षेला स्वतःच्या पट्टीत गायला बसले तेव्हा आपलाच आवाज मला परका वाटला. हे कुठल्याही ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं. वर्गात अर्धा तास बसलात तर मात्र लगेच दिसतं, की मुलींची बॅच वेगळी बसते का, निदान आठवड्यातून दोन दिवस त्यांच्या पट्टीत वर्ग होतो का, एकेकाला एकटं गायला लावतात का.

दुसरं, तबला. हे तर मी सगळ्यात आधी बघेन. वर्गात ठेका कोण धरतं? आमच्याकडे तबला संगतकाराची जागा रिकामी होती, माझी तीन वर्षं रिकामीच राहिली, आणि आम्ही मोबाईलच्या तबल्यावर बडा ख्याल शिकलो. ग्वाल्हेरची गायकी म्हणजे आधी बंदिशीचा सबंध अस्ताई-अंतरा स्वच्छ मांडायचा, मग बढत, म्हणजे हळूहळू विस्तार, आणि ती बरेचदा तिलवाडा या संथ तालात. तिलवाडा काय मोबाईलवर शिकायची गोष्ट आहे? ॲपचा ठेका तुमच्यासाठी थांबत नाही, तुम्ही चुकलात तर डोळे मोठे करत नाही, समेवर आलात तर मान हलवत नाही. माणूस तबल्यावर असला की अर्धी लय त्याच्या चेहऱ्यावरून कळते. आमच्या गावात २०२३ च्या २५ डिसेंबरला किल्ल्यावर हजाराच्या वर तबलावादकांनी एकत्र वाजवून गिनीजमध्ये नाव नेलं, मी स्वतः ते बघून रडले होते, इतकं भरून आलं होतं. त्याच वर्षी युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हटलं. मग एवढे तबलावादक या देशात आहेत तर एकेका वर्गात एक का नसावा? जागा रिकाम्या ठेवून चालवायचं हे सरकारी असो की प्रायव्हेट, सगळीकडे झालंय, आणि पालक विचारत नाहीत म्हणून चालतं.

तिसरं म्हणजे वेळ. भैरव, तोडी हे सकाळचे राग, पण मी भैरव शिकले दुपारी सव्वाबाराला, तोडी जेवणाच्या सुट्टीनंतर. पिरियड पंचेचाळीस मिनिटांचा, त्यात दहा मिनिटं हजेरी आणि तानपुरा लावण्यात, म्हणजे जवारी (तारेचा झंकार) बसेपर्यंत घंटा. सेमेस्टरला सहा-सात राग, परीक्षेत एकेका रागाला जेमतेम सात-आठ मिनिटं. रागाचे आरोह-अवरोह, वादी-संवादी, पकड सगळं पाठ असायचं, राग मात्र ओळखीचा व्हायचा नाही. सिलॅबस कॉलेजच्या हातात नसतो हे मला माहीत आहे, पण टाइमटेबल असतो ना! दोन पिरियड जोडून दीड तास करणं, आठवड्यातून एक दिवस सकाळी सातला वर्ग ठेवणं, हे करणारे शिक्षक असतात, मी भेटलेय त्यांना. ते असलेलं कॉलेज शोधायचं.

शिक्षकांबद्दल जरा जास्त लिहिते कारण सगळं तिथेच अडतं. असिस्टंट प्रोफेसर व्हायला साधारणपणे नेट ही पात्रता परीक्षा लागते, नेट म्हणजे दीडशे प्रश्न, पर्याय निवडायचे. त्यात कोणी तुम्हाला गा म्हणत नाही. मी नेटच्या विरोधात नाही, शास्त्र यायलाच हवं, पण गाणं न ऐकता गाण्याचा शिक्षक पात्र ठरवणं ही विचित्रच गोष्ट आहे. आणि गंमत नाही, खरंच सांगते, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमात दुसरा रस्ताही लिहिलेला आहे, विषयाची पदवी असलेला, नावाजलेल्या गुरूंकडे शिकलेला, आकाशवाणी-दूरदर्शनचा ए ग्रेड असलेला कलाकार, ज्याला शिकवता येतं, समजावून सांगता येतं, तोही त्या जागेवर पात्र धरता येतो. तर तुम्ही निवडताय त्या कॉलेजात असा एक तरी माणूस आहे का ते विचारा. आणि आपल्या मध्यप्रदेशात अजून एक विचारायचं, किती जण पक्के आणि किती अतिथी विद्वान, म्हणजे तात्पुरते नेमलेले शिक्षक. अतिथी विद्वान वाईट शिकवतात असं मी अजिबात म्हणत नाही, मला ज्यांनी खरं गाणं दाखवलं त्या मॅडम अतिथीच होत्या, पण त्या दुसऱ्या वर्षी नव्हत्या. ज्या आवाजाच्या मागे तुम्ही चालायला लागता तो अर्ध्या वाटेत नाहीसा झाला तर काय होतं ते मी भोगलंय. एका यमनचे दोन रस्ते शिकवणारे दोन शिक्षक एका वर्षात आले की पोर कुठलाच रस्ता धरत नाही. यात चूक त्या शिक्षकांची नाही, त्यांना वर्षावर्षाच्या भरवशावर ठेवणाऱ्या व्यवस्थेची आहे आणि ती बदलायची मागणी आपणच करायला हवी.

नाचाचं मला कमी कळतं, पण कथ्थक शिकणाऱ्या मैत्रिणीने एक सांगितलं ते विसरू नका, फरशी बघा. सिमेंटवर किंवा टाइल्सवर रोज तीन-चार तास तत्कार (पायांचे बोल) केला की गुडघे जातात, तिचे पंचविशीत गेले. लाकडी फ्लोअर आहे का, आणि तत्काराला लेहरा (पेटी-सारंगीवर फिरत राहणारी, ताल दाखवणारी धून) कोण धरतं.

नाटकवाल्यांकडून मात्र सगळ्यांनी शिकावं. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जागा मोजक्या, पण निवडायची पद्धत अशी की आधी ऑडिशन आणि मग काही दिवसांचं वर्कशॉप, तिथे मुलांकडून रोज काम करून घेतात. म्हणजे संस्था मुलाला चार दिवस बघते. त्यात मुलालाही संस्था चार दिवस दिसते हे लोकांच्या लक्षात येत नाही. कसं बोलतात, चुकल्यावर काय करतात, सकाळी किती वाजता दार उघडतं. संगीताच्या कॉलेजात हे का होऊ नये? आमच्याकडे एडमिशनच्या वेळी एक बंदिश म्हणून दाखव, सरगम म्हण, पाच मिनिटं, झालं, पुढच्या तीन-चार वर्षांचा निकाल लागला.

आता वहिनीचा मुद्दा, हॉस्टेल. तिला वाटतं हॉस्टेलचं गेट संध्याकाळी सातला बंद होतं म्हणजे चांगलं. मला तिची काळजी समजते, मी स्वतः त्या गेटच्या आत राहिलेय. पण सातला गेट बंद म्हणजे मुलीने संध्याकाळची एकही मैफल ऐकायची नाही. नाटकाची तालीम संध्याकाळीच असते, ती सोडून यायचं. मुलांच्या हॉस्टेलला तेच गेट दहापर्यंत उघडं. मग तीन वर्षांनी म्हणायचं की मुलींना लय कमी, मुलींचं ऐकणं कमी. तानसेन समारोहाला आम्ही घरचे सगळे शाली, थर्मास घेऊन हजिऱ्याला, तानसेनाच्या समाधीपाशी, जायचो, डिसेंबरची ग्वाल्हेरची थंडी, मी पाचवीत असेन, बाबांच्या मांडीवर झोपून जायचे आणि मधेच तानेला जाग यायची. ते ऐकणं कुठल्या सिलॅबसमध्ये बसतं? मुलीला सुरक्षित ठेवायचं असेल तर कॉलेजने मैफलीच्या दिवशी बस काढावी, बरोबर एक मॅडम पाठवावी. कुलूप लावणं सोपं आहे म्हणून तो उपाय होत नाही. हॉस्टेल बघायला जाल तेव्हा पंखा आणि बाथरूम बघून परत येऊ नका, मैफलीच्या रात्री काय करता ते विचारा.

पुण्याच्या मावशीचं म्हणणं यामुळेच अगदी खोटं नाही. शहर शिकवतं. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, त्याच्या नावातच गुरुकुल आहे, आणि आजूबाजूला गाणारे-वाजवणारे, ऐकणारे आहेत. पण खैरागढ बघा, छत्तीसगढमधलं लहानसं गाव, १९५६ पासून तिथे संगीत-कलांचं विद्यापीठ राजवाड्यात चालतंय. मोठं शहर नाही, पण संध्याकाळी करायला दुसरं काही नाही म्हणून मुलं एकमेकांचंच ऐकतात, गाणारा शिल्पवाल्याकडे बसतो, कथ्थकवाली तबल्याच्या खोलीत. तिथे शिकलेली माझी एक सहकारी सांगते की मी सरांकडून जेवढं शिकले तेवढंच शेजारच्या खोलीतून. आणि ग्वाल्हेरला स्वतःचं विद्यापीठ आहेच, २००८ पासून, राजा मानसिंह तोमरांच्या नावाचं. बाबांना मी हेच म्हटलं, बाबा, गावाचा अभिमान बरोबर आहे, पण अभिमानाने पट्टी जुळत नाही. इथल्याही वर्गात बसून बघू, पुण्याच्याही, आणि जिथे ती गाताना मला ऐकू येईल तिथे घालू.

डिग्रीचं एक राहिलं. विशारद, अलंकार या संगीत संस्थांच्या परीक्षा झाल्या म्हणजे बीए-एमए झालं असं धरून बरेच जण चालतात आणि नंतर नोकरीच्या जाहिरातीपाशी अडकतात, तर काय कशाला समान धरलंय ते जाहिरात बघून आधीच वाचून ठेवा. शाळेत संगीत शिक्षक व्हायचं असेल तर डिग्री लागणारच, केंद्रीय विद्यालयात तशी जागा असते. आकाशवाणीच्या ऑडिशनला मात्र डिग्री कोणी विचारत नाही, तिथे गावंच लागतं. म्हणजे दोन्ही करावं लागेल आणि त्यात लाजायचं काही नाही, पोटाचा विचार करून गाणं शिकलं तर गाणं बाटत नाही.

काही शिक्षक मित्र मला म्हणाले, बाहेरची माणसं वर्गात येऊन बसली तर मुलं बुजतात, शिकवणं डिस्टर्ब होतं. मला हे पटत नाही. जी मुलं उद्या लोकांसमोर बसून गाणार आहेत ती एका मुलीला आणि तिच्या आत्याला बघून बुजत असतील तर तेही कॉलेजने बघायला हवं. रोज नको, एडमिशनच्या आधीच्या पंधरवड्यात ठरवून चार दिवस ठेवा, दहा-दहा जणांना बसवा. एवढं करायला ना बजेट लागतं ना वरून परवानगी. आणि जर एखाद्या वर्गात दाखवण्यासारखं काही होतच नसेल, तर तिथे मुलं वर्षानुवर्षं बसतायत त्याचं काय?

आम्ही गेल्या आठवड्यात तीन कॉलेजांना फोन केले. एकाने सांगितलं ब्रोशर वेबसाइटवर आहे. दुसऱ्याने तीन वेळा होल्डवर ठेवलं आणि मग फोन उचललाच नाही. तिसरीकडे एका मॅडमनी स्वतः फोन घेतला, आधी विचारलं की मुलीची पट्टी कोणती, मी म्हटलं काळी चार, तर म्हणाल्या गुरुवारी सकाळी साडेसातला या, सेकंड इयरच्या मुलींचा अहिर भैरव चालू आहे, तिलाही मागे बसवू. साडेसात ऐकून दादाने माझ्याकडे बघितलं. गाडी रात्रीची आहे, भाचीने अहिर भैरवच्या रेकॉर्डिंग ऐकायला सुरुवात केलीय आणि वहिनी डबा कोणता द्यायचा ते विचारतेय.